मिलिमीटरकाकांची बारा बटणं

आमच्या छापखान्यात मिलिमीटरकाकांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. मशीनवरची माणसं त्यांना पाठीमागे ‘मिलिमीटर’ म्हणायची आणि आम्ही तोंडावर ‘काका’. छापलेल्या कागदाकडे नुसतं बघून ते म्हणायचे, “डावीकडे अर्धा मिलिमीटर सरकलंय.” मशीनमन वैतागून पट्टी लावायचा, आणि बरोबर अर्धाच निघायचा.

मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसायचे. डिझाइन विभाग म्हणजे आम्ही दोघं, दोन कॉम्प्युटर आणि मालकांच्या केबिनला लागून असलेली एक काच. काका या धंद्यात आले तेव्हा मजकूर ब्लेडने कापून, मागे गोंद लावून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. पुढे कॉम्प्युटर आला, तोही त्यांनी आपलासा केला. पण आपल्या अटींवर. कुठलंही काम माउसनेच करायचं आणि तेही वरच्या मेनूत शिरून. एखादं चित्र पानाच्या मधोमध आणायचं तर मेनू उघड, त्यातली यादी उघड, पुढची खिडकी उघड, हे निवड, ते निवड, ‘ठीक’ म्हण. सात क्लिक. मी तेच काम डाव्या हाताने दोन-तीन कळा एकदम दाबून करायचे, तर ते चष्म्यावरून बघून म्हणायचे, “तू मागच्या दाराने जाणारी. मी पुढच्या दाराने, बेल वाजवून जातो.”

टाइप करायला त्यांचं एकच बोट. उजवी तर्जनी. बाकीची नऊ बोटं नुसती बघत बसायची.

यात गंमत अशी की काकू टायपिंगच्या मास्तरीणबाई. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. शहरातल्या निम्म्या कचेऱ्यांतली बोटं त्यांनी वळवली. त्यांची दोघांची ओळखही तिथलीच. क्लासच्या जाहिरातीचं प्रूफ घेऊन तरुण काका गेले, तर काकूंनी उभ्या उभ्या चार चुका काढल्या. काकांनी शांतपणे दारावरच्या पाटीकडे बघितलं आणि म्हणाले, “तुमची पाटी दोन मिलिमीटर तिरकी आहे.” काकूंनी पट्टी आणली. दोन निघाले. सहा महिन्यांत लग्न झालं.

लग्नानंतर मात्र काकांनी क्लासच्या खोलीत विद्यार्थी म्हणून पाऊल टाकलं नाही. “दिवसभर मालकांचं ऐकायचं आणि घरी येऊन गृहपाठ करायचा, हे मला झेपणार नाही,” असं त्यांचं म्हणणं. काकू म्हणायच्या, “अख्ख्या गावाला शिकवलं, आणि घरातला माणूस कोंबडीसारखा दाणे टिपतोय!”

मग काकांचं मनगट दुखायला लागलं. आधी त्यांनी दुर्लक्ष केलं, मग पट्टा बांधला, शेवटी पेला उचलताना हातातून निसटला तेव्हा डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, “दिवसाला किती वेळा माउस दाबता?” एखाद्याने ‘खूप’ म्हणून वेळ मारून नेली असती. काका दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मोजायला बसले. जेवायच्या सुट्टीपर्यंत तीन हजार एकशे बारा. डॉक्टर म्हणाले, “अहो, मी सहज विचारलं होतं.” आणि माउस अर्ध्यावर आणायला सांगितलं.

“आता मी काय तोंडाने काम करू?” काका खुर्चीत कोसळत म्हणाले.

मी त्यांना माझ्या फोनवर एक चित्र दाखवलं. तळहाताएवढी एक पेटी, तिच्यावर बारा बटणं आणि कोपऱ्यात एक फिरतं चक्र.

“हे कॉम्प्युटरला जोडायचं. प्रत्येक बटणाला एक काम शिकवून ठेवायचं. तुम्ही जी सात पावलं चालता, ती याला एकदाच सांगायची. पुढे तुम्ही बटण दाबा, सात पावलं ते चालेल.”

“विसरत नाही?”

“नाही.”

“मग मालकांपेक्षा बरं,” काका म्हणाले, आणि त्याच दिवशी त्यांनी ते मागवलं.

पेटी आली त्या दिवशी काकांनी दुसरं काहीच केलं नाही. बटणांवर पारदर्शक टोप्या होत्या, त्यांच्याखाली कागदाची चिठ्ठी बसवता येत होती. प्रत्येक चिठ्ठी साडेअकरा मिलिमीटरची त्यांनी स्वतः कापली. नावंही त्यांचीच. मधोमध आणायचं बटण ‘मध्ये’. केलेलं काम मागे घ्यायचं, ते ‘बापरे’. छपाईला पाठवण्याआधी अक्षरांची आकृती करून टाकतात, म्हणजे फाँटची भानगड राहत नाही, पण मग मजकुरात काही बदलताही येत नाही. त्या बटणाचं नाव ‘दगड’. एका बटणावर त्यांनी ‘मालक’ असं लिहिलं. ते दाबलं की पानावरचा लोगो पाच टक्के मोठा व्हायचा, कारण आमच्या मालकांची प्रत्येक डिझाइनवर तेवढी एकच सूचना असायची. मालक समाधानाने केबिनमध्ये परत गेले की काका हळूच ‘बापरे’ दाबायचे.

पहिला आठवडा मात्र हाल झाले. काका चष्मा वर करायचे, पेटीवर वाकायचे, चिठ्ठी वाचायचे, बटण दाबायचे, मग मान वर करून पडद्यावर काय झालं ते बघायचे. मेनूतून जाऊन वेळ लागायचा त्याहून जास्त वेळ लागायला लागला. मनगटाला आराम, पण मानेला कळ. शनिवारी ते पेटी पिशवीत घालून सरावासाठी घरी घेऊन गेले.

घरी काय झालं ते सोमवारी त्यांनीच सांगितलं.

काकूंनी पेटी उलटीसुलटी करून बघितली. “हे काय? कीबोर्डचं पिल्लू?”

“यात सगळी कामं बसतात.”

“एकशे चार कळांचा अख्खा कीबोर्ड घरात असताना तुला बारा कळांवर बसायचंय. आणि त्याही बघून दाबतोयस!”

काकूंचा क्लास बंद होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मुलं हल्ली फोनवर अंगठ्यानेच टाइप करायला शिकून येतात, त्यांना दहा बोटांचं कौतुक कुठलं. तेव्हापासून त्या पुढच्या खोलीतल्या खुर्च्यांची धूळ मात्र रोज पुसायच्या. अशा बाईसमोर काकांनी बारा बटणं आणून ठेवली होती. काकूंनी स्वयंपाकघरातून नॅपकिन आणला आणि काकांच्या हातावर टाकला.

“नजर वर!”

“अगं, काही दिसत नाहीये.”

“म्हणूनच टाकलाय. म्हण माझ्याबरोबर. मध्ये, मध्ये, बापरे. मध्ये, मध्ये, बापरे.”

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी कामावर जायच्या आधी पाऊण तास शाळा भरायला लागली. अठ्ठावीस वर्षांचा खणखणीत आवाज. “दगड, बापरे! दगड, बापरे! अंगठा लोंबकळतोय, उचल!” चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली आणि दारातूनच काळजीने विचारू लागली, “रोज सकाळी तुमच्याकडून ‘दगड’, ‘बापरे’ असं ऐकू येतं. सगळं ठीक आहे ना?”

महिनाभरात काकांचा हात बसला. इतका बसला की ते ऑफिसातही नॅपकिन आणायला लागले. एकदा मालक टेबलापाशी थांबले.

“हात भाजला का?”

“नाही. काम बघतोय.”

“मग हे फडकं?”

“न बघता बघतोय.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं.

पण काम खरंच धावायला लागलं. ज्या लेबलला काकांना अर्धा दिवस लागायचा ते तासाभरात व्हायला लागलं. मनगटाचा पट्टा ड्रॉवरमध्ये गेला. दुपारी चार वाजता काका हात झटकून म्हणायचे, “आता काय आहे?” आणि काही नसायचं. मोकळा वेळ हा माणसाचा शत्रू म्हणतात तो उगाच नाही. रिकाम्या काकांना वाटायला लागलं की आणखी कुठली कामं बटणावर टाकता येतील. तेव्हा आमच्याकडे सांधेदुखीचं तेल, फरशी पुसायचं औषध, साबण असल्यांची लेबलं खूप यायची, आणि प्रत्येकावर तेच एक वाक्य टाइप करावं लागायचं. एका बोटाने टाइप करणाऱ्याला ते वाक्य म्हणजे डोंगर. काकांनी ते एका बटणात भरलं. बटण दाबलं की उमटायचं: ‘फक्त बाह्य वापरासाठी.’ चिठ्ठीवर लिहिलं ‘बाह्य’.

आणि मग एका रविवारी काकूंनी पेटीची तपासणी केली.

“मांडणी कुणी केली ही? ‘मध्ये’ तू दिवसाला शंभर वेळा दाबतोस आणि ते अनामिकेखाली? अनामिका म्हणजे आळशी बोट. जास्त लागणारी कळ बळकट बोटाखाली हवी.”

‘मध्ये’ तर्जनीखाली गेलं. त्याच्या रिकाम्या जागी, अनामिकेखाली, ‘बाह्य’ आलं. काकूंनी दोन तास नवा धडा घेतला आणि बोट पास झाल्याचं जाहीर केलं.

सोमवारी सकाळी शाळेचं काम होतं. गावातल्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका तेहतीस वर्षांनी निवृत्त होत होत्या, त्यांच्या निरोपसमारंभाची सोळा पानी पुस्तिका. पहिल्या पानावर बाईंचा मोठा फोटो, खाली नाव, नावाखाली हुद्दा. बाईंचा शाळेत असा दरारा की त्यांच्या फोटोसमोरही मी खुर्चीत सरळ बसले होते. काका हुद्द्याची ओळ जुळवत होते. तेवढ्यात मालक काचेवर टकटक करून म्हणाले, “शाळेचा लोगो जरा मोठा घ्या!” काकांनी मान वळवून “हो, हो” म्हटलं आणि त्याच वेळी ती ओळ मधोमध आणायला सवयीने बटण दाबलं. जुन्या सवयीने. अनामिकेने. लगेच ‘मालक’ दाबलं, पान ठीकठाक दिसलं, मग ‘दगड’ दाबलं आणि फाइल पुढे पाठवली.

प्रूफ मी वाचलं. माझं सगळं लक्ष बाईंच्या चष्म्यावर आलेल्या चमकेकडे होतं. शाळेच्या क्लार्कने वाचलं. त्यांनी तारखा तपासल्या. मालकांनी लोगो बघितला. सहाशे प्रती छापल्या, शिवल्या, आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नऊला गठ्ठे शाळेत पोचले.

पावणेदहाला मशीनमन एक उरलेली प्रत घेऊन आमच्या खोलीत आला.

“ही बाई बाहेरच्या शाळेतून आलेली का?” त्याने निरागसपणे विचारलं.

“का?”

“नाही, इथे लिहिलंय तसं.”

फोटोखाली, सुरेख अक्षरात, हुद्द्याच्याच ओळीत छापलं होतं: ‘मुख्याध्यापिका फक्त बाह्य वापरासाठी.’

काकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग सवयीने त्यांचं बोट पेटीवरच्या ‘बापरे’वर गेलं आणि त्यांनी ते दाबलं. छापलेल्या कागदावर अर्थातच काही झालं नाही.

कार्यक्रम साडेअकराला होता. पुन्हा छापायला वेळ नव्हता. मालक घरी लग्न असल्यासारखे येरझारा घालायला लागले. “काळी पट्टी मारा! पान फाडा! मी आजारी आहे म्हणून सांगा!” काका मात्र एकदम शांत झाले. म्हणाले, “चिकटवायचं.” पुस्तिकेच्याच फिक्या पिवळ्या रंगाचा चिकट कागद छापून घेतला, जुनं ब्लेड काढलं आणि बेचाळीस बाय चार मिलिमीटरच्या पट्ट्या कापायला बसले. एकीकडे त्यांनी काकूंना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

“तू आत्ताच्या आत्ता शाळेत ये. चूक झाली. ‘मध्ये’च्या जागी ‘बाह्य’ दाबलं गेलं.”

पलीकडे काकूंनी चपला शोधल्याचा आवाज आला.

“कुठलं बोट?”

“अनामिका.”

“तरी मला तिचा संशय होताच,” काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शाळेच्या वाचनालयात आम्ही चौघं बसलो: काका, काकू, मी आणि घामाघूम झालेले क्लार्क. बाहेरच्या पटांगणावर खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते. माझी पट्टी वाकडी जायची, क्लार्कची बोटालाच चिकटायची. काकूंनी टेबलावर लाकडी फूटपट्टी आपटली. “एका तालात! उचल, लाव, दाब, पान!” आणि त्या तालावर आम्ही कामाला लागलो. काका तर बघतही नव्हते. पट्टी उचलायचे आणि ती बरोब्बर शब्दांवर जाऊन बसायची, कडेला कड. काकूंनी ते एकदा तिरक्या नजरेने पाहिलं. त्यांचा पुढचा ‘उचल’ जरा मऊ आला.

पाचशे दहा झाल्या. शिपाई पहिले गठ्ठे मांडवात वाटायला घेऊन गेला. आता नव्वदच राहिल्या, असं मी म्हणते न म्हणते तोच दार उघडलं आणि मुख्याध्यापिका आत आल्या.

क्लार्क उभे राहिले. मीही राहिले. मी त्या शाळेची विद्यार्थिनीसुद्धा नव्हते.

“माझी प्रत कुठेय?” असं म्हणून बाईंनी सगळ्यात जवळच्या गठ्ठ्यावरची उचलली. तो न चिकटवलेला गठ्ठा होता. त्यांनी चष्मा नीट केला आणि वाचलं. मग चष्मा काढून, पुसून पुन्हा वाचलं.

काका पुढे झाले. त्यांच्या एका बोटाला अजून पट्टी चिकटलेली होती. “बाई, चूक माझी आहे. बोट माझं होतं.”

“बटणाची जागा मी बदलली,” काकू म्हणाल्या.

“ते कशाला मध्ये आणतेस? दाबलं मी.”

“धडा मी पास केला होता ना!”

“तू गप्प बस गं.”

“तूच बस.”

बाईंनी हात वर केला. दोघंही गप्प बसले. क्लार्क तर केव्हाचे गप्प होते.

“हे वाक्य मुळात कशासाठी होतं?”

“तेलासाठी,” काका म्हणाले. “सांधेदुखीच्या.”

“हं,” बाई म्हणाल्या, आणि ती प्रत हातात घेऊन निघून गेल्या. त्या ‘हं’ने क्लार्कची पाचावर धारण बसली. त्यांची नोकरी अजून अकरा वर्षं शिल्लक होती. उरलेल्या एकोणनव्वद प्रती तशाच राहिल्या, कारण बाहेर कार्यक्रमाची घंटा झाली.

कार्यक्रमात आम्ही मागच्या ओळीत, पटकन बाहेर पडता येईल असे बसलो. भाषणं झाली. शेवटी बाई उठल्या.

“आज माझ्याबद्दल सगळ्यांनी भरभरून सांगितलं,” बाई म्हणाल्या. “पण माझं सगळ्यात खरं वर्णन या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर होतं. ते कुणीतरी झाकून ठेवलंय. नावाखाली एक पट्टी आहे बघा.” आणि त्यांनी ते वाक्य, हुद्द्यासकट, खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

आधी कुणी हसेचना. त्या बाईंसमोर हसायची कुणाला सवयच नव्हती. मग शिक्षकांच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं पटांगण फुटलं.

“तेहतीस वर्षं मी तुम्हाला बाहेरूनच लागू पडले,” बाई पुढे म्हणाल्या. “डोळे वटारणं, आवाज चढवणं, दारात उभं राहणं. आतून मी कशी आहे हे विचारायची कुणाची छाती झाली नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. ते राहून गेलं. छापखान्याची माणसं मागे बसली आहेत, दाराकडे बघत. त्यांना सांगते, औषध बाह्य असलं तरी चूक मी पोटात घालते.”

टाळ्यांमध्ये एक वेगळाच आवाज यायला लागला. खर्र, खर्र. पाचशे माणसं नखांनी पट्ट्या खरवडत होती. काका अस्वस्थ होऊन पुढे वाकले. “निघणार नाही ती,” ते माझ्या कानात म्हणाले, “गोंद चांगला वापरलाय.” आणि खरोखरच एकही पट्टी धड निघाली नाही. लोक वाचनालयातल्या न चिकटवलेल्या एकोणनव्वद प्रतींवर तुटून पडले. एका गृहस्थांनी तर आपली प्रत परत देऊन ‘चुकीची’ मागितली. माझ्या आयुष्यात छापखान्याकडे अशी मागणी तेवढीच.

मालकांनी आठवडाभर काकांवर रागवायचा प्रयत्न केला, पण ज्याला त्याला हा किस्सा सांगताना त्यांना स्वतःलाच हसू फुटायचं. शेवटी त्यांनी एवढाच नियम केला की मजकूर उमटवणारं बटण ठेवायचं नाही. काकांनी ‘बाह्य’ची चिठ्ठी काढली. अनामिकेखालचं ते बटण आता कोरं आहे. काकूंच्या मते तिची तेवढीच लायकी आहे.

त्या दिवशी वाचनालयातला ताल क्लार्क विसरले नाहीत. त्यांचंही मनगट दुखत होतं. पंधरा दिवसांनी ते एक पेटी घेऊन काकूंच्या दारात उभे राहिले. मग मी माझ्या ओळखीच्या दोन डिझाइनरना पाठवलं, त्यांनी आणखी एकीला. पुढच्या खोलीतल्या खुर्च्यांवर माणसं बसायला लागली. काकूंनी हजेरीची वही नवीन केली आणि सहा नॅपकिन एका रंगाचे शिवून घेतले.

सगळ्यात शेवटी आमचे मालक दाखल झाले, लोगो आपला आपणच मोठा करता यावा म्हणून. ते अजून तिसऱ्या धड्यावर अडकलेत. नॅपकिन उचलून खाली बघतात असं काकू सांगतात, आणि दोनदा त्यांना दाराबाहेर उभं केलंय.